कल आणि कर्तृत्व

मनुष्य आपापल्या प्रकृतीप्रमाणेच वागणार असेल, तर त्याला उपदेश करण्यात, त्याच्यावर संस्कार करण्यात आणि त्याच्या हातून प्रमाद घडला असता त्याला जबाबदार धरण्यात काय अर्थ उरतो, हा प्रश्न धर्मचिंतनाइतकाच जुना आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात खुद्द भगवंतांनीच तो उपस्थित केला आहे. ज्ञानी पुरुषसुद्धा आपल्या प्रकृतीला अनुसरूनच चालतो, तेथे निग्रहाची मात्रा कितीशी चालणार, असे एका श्लोकात विचारून लगेच पुढच्या श्लोकात रागद्वेषांच्या आहारी जाऊ नये अशी आज्ञाही त्यांनी केली आहे. आणि ही दोन विधाने अशी शेजारी शेजारी बसवलेली पाहून टीकाकारांच्या अनेक पिढ्यांची कसोटी लागली आहे. प्रकृती अनिवार असेल तर आज्ञा व्यर्थ ठरते, आणि आज्ञा सार्थ असेल तर प्रकृती अनिवार राहत नाही. या पेचातून वाट काढण्यासाठी लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले आहे, यावरून त्याचे महत्त्व आणि त्याची दुर्घटता ही दोन्ही लक्षात येतील.

ग्रंथांच्या आधाराने या पेचाचा विचार पुष्कळांनी केला आहे. प्रस्तुत लेखात तो एका खेळाच्या, आणि त्यातही त्या खेळाच्या पहिल्या धड्याच्या आधाराने करावयाचा आहे. लॉन बोल्स हा तो खेळ. आपल्याकडे तो फारसा कोणाच्या परिचयाचा नाही. कलकत्त्यात साहेबलोकांनी आणलेली त्याची परंपरा टिकून राहिली, आणि 2022 साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत भारताच्या चार महिलांनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा 17–10 असा पराभव करून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा चार दिवस त्याची चर्चा झाली, एवढाच काय तो आपला संबंध. स्कॉटलंड, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत मात्र गावोगाव त्याच्यासाठी हिरवळी राखलेल्या असतात. खेळाचे स्वरूप वरवर पाहता अगदी साधे आहे. 31 ते 40 मीटर लांबीची, गालिच्यासारखी सपाट केलेली हिरवळ. तिच्या कडेने चर. एका टोकाला अंथरलेल्या लहानशा मॅटवर खेळाडू उभा राहतो, जॅक या नावाचा एक छोटा चेंडू किमान 23 मीटर दूर लोटला जातो, आणि मग दोन्ही पक्षांचे खेळाडू आळीपाळीने आपापले जड गोळे घरंगळत सोडून ते जॅकच्या जास्तीत जास्त निकट नेऊन थांबवण्याची खटपट करतात. ज्याचा गोळा सर्वांत जवळ, त्याला गुण. शिकण्यासारखे यात काय आहे, असे पाहणाऱ्याला वाटावे इतके हे सोपे दिसते.

परंतु यातला गोळा सरळ जात नाही. तो निर्दोष वाटोळा नसून त्याची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित अधिक फुगीर घडवलेली असते, आणि या विषमतेमुळे तो चालता चालता एका कुशीला कलत जातो. पूर्वी अशा गोळ्यांत एका बाजूला शिसे भरून हा परिणाम साधत. आता आत कसलेही वजन नसते, केवळ आकारामुळेच तो उत्पन्न होतो. गोळा वेगात असतो तोपर्यंत हा कल जवळजवळ दिसतच नाही. वेग ओसरू लागला म्हणजे तो आपला अंमल बसवू लागतो, आणि शेवटच्या काही हातांच्या अंतरात तर गोळा एखाद्या अदृश्य हुकुमाची तामिली केल्यासारखा स्पष्टपणे वळून आडवा येतो. याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नियमांनी या कलाची कमीत कमी मर्यादा मुक्रर केलेली आहे. एक प्रमाणभूत गोळा ठरलेला असून, त्याच्याहून ज्याचा कल कमी भरेल तो गोळा सामन्यात चालत नाही. मान्यताप्राप्त ठिकाणी चाचणी होऊन त्यावर शिक्का उमटावा लागतो, आणि पुढे खेळाडूने स्वतःच्या सोयीसाठी त्याचा आकार बदलणे हा गुन्हा समजला जातो. सारांश, सरळ जाणाऱ्या गोळ्याला या खेळात प्रवेशच नाही. कल हा येथे दोष नसून पात्रतेची अट आहे.

स्वभाव दडपून टाकण्याचा प्रयोग या खेळाच्या इतिहासातही एकदा मोठ्या प्रमाणावर होऊन गेला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या अमदानीत, 1541 साली, पार्लमेंटने असा कायदा केला की कारागीर, शेतकरी, मजूर, उमेदवार, नोकरचाकर आणि खलाशी यांनी नाताळखेरीज इतर कोणत्याही दिवशी बोल्स खेळू नये, आणि नाताळातही केवळ धन्याच्या घरी किंवा त्याच्या देखत खेळावे; ज्यांचे जमिनीचे वार्षिक उत्पन्न शंभर पौंडांचे असेल, त्यांना मात्र आपल्या आवारात खेळण्याचा परवाना मिळण्याची तजवीज त्याच कायद्यात होती. रयतेने धनुर्विद्येची तालीम सोडून गोळे लोटत बसू नये, असा सरकारचा हेतू होता. पुढे 1618 साली पहिल्या जेम्सने रविवारच्या प्रार्थनेनंतर लोकांनी कोणते खेळ खेळावेत याविषयी जाहीरनामा काढला, आणि नाचाला, उड्यांना, धनुर्विद्येला मुभा देऊनही सामान्य लोकांच्या बोल्सवरील मनाई त्याने कायमच ठेवली. ही मनाई कायद्याच्या पुस्तकातून निघाली ती 1845 साली. म्हणजे तीन शतके ती अंमलात होती, आणि त्या तीन शतकांत खेळ मात्र एक दिवसही बंद पडला नाही. निग्रहाची मात्रा कितीशी चालते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला सरकारी दफ्तरात क्वचितच सापडेल.

आता त्या पहिल्या धड्याकडे वळू. मेलबर्नच्या एका उपनगरातील क्लबात नवशिक्यांची शिकवणी मला जवळून पाहता आली. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. शिकणाऱ्यांत, मुलाकडे काही महिन्यांसाठी राहावयास आलेले, सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त तहसीलदार होते. ज्यांचे सारे आयुष्य मोजणीचे नकाशे, बांधांच्या हद्दी आणि वहिवाटीचे तंटे यांत गेले, त्यांच्या ठायी सरळ रेषेविषयी आदर असणे स्वाभाविकच होते. बाईंनी प्रथम प्रत्येकाच्या हाताचे माप पाहिले: गोळ्याच्या मध्यावर दोन्ही हातांचे अंगठे आणि मधली बोटे एकमेकांना टेकतात की नाही, ते पाहून ज्याला जो बेताचा तो गोळा दिला. नंतर गोळ्याच्या दोन अंगांवरील वर्तुळे दाखवली. एका अंगावरचे मोठे, दुसऱ्यावरचे लहान. लहान वर्तुळ ज्या बाजूस असेल त्या बाजूस गोळा वळणार, हे त्यांनी दोनदा बजावले. आणि मग त्यांनी एक अनपेक्षित गोष्ट केली. हिरवळीवर ठेवलेला जॅक त्यांनी उचलला आणि तो आपल्या खिशात टाकला.

लक्ष्यच काढून घेतल्यामुळे शिकणारे गोंधळले. परंतु बाईंचा हेतू पुढे ध्यानात आला. त्यांनी स्वतः एक गोळा सोडला आणि सर्वांना त्याच्या बरोबरीने, त्याला अडथळा न होईल अशा बेताने, हिरवळीच्या कडेने चालावयास लावले. प्रथम गोळा सरळच जात होता. साधारण अर्ध्याहून अधिक वाट सरल्यावर तो थोडा रेंगाळला, झुकला, आणि मग शांतपणे आत वळून थांबला. तो जेथे थांबला तेथून मागे वळून मॅटकडे पाहिले असता, वाटेतला सर्वांत बाहेरचा बिंदू कोठे होता हे डोळ्यांना दिसत होते. बाईंनी त्या दिशेने, पलीकडच्या चराच्या कडेवर एक पांढरा रुमाल पसरला आणि सांगितले की, आता नजर फक्त या रुमालावर ठेवावयाची; जॅक परत ठेवला तरी त्याच्याकडे पाहून गोळा सोडावयाचा नाही.

तहसीलदारसाहेबांना हे मनापासून पटले नाही. जॅक पुन्हा मांडला गेला तेव्हा त्यांनी रुमालाकडे पाहण्याचा देखावा केला, आणि हात सुटताना मात्र नेम जॅकवरच धरला. गोळा जॅकच्या डावीकडून खासा दोन वाव लांब गेला. दुसऱ्या खेपेस त्यांनी जोर लावला. तेव्हा गोळा खरोखरच जवळजवळ सरळ गेला, जॅकच्या शेजारून निघाला आणि थेट चरात जाऊन पडला. तिसऱ्या खेपेस घाईत लहान वर्तुळ चुकीच्या अंगाला राहिले, आणि गोळा उलट दिशेने कलत कलत शेजारच्या पट्ट्यात शिरला, तेथील मंडळींनी तो आपल्या डावात व्यत्यय आणण्यापूर्वीच पायाने अडवून हसत परत पाठवला. “अहो, उभ्या जन्मात इतरांची अतिक्रमणे काढली,” साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि आज माझ्यावरच नोटीस निघायची वेळ आली!” बाईंना मराठी कळत नव्हते, पण नवशिक्यांच्या चेहऱ्यावरची भाषा त्या अनेक वर्षे वाचत आल्या असाव्यात. त्यांनी गोळा पुन्हा त्यांच्या हाती दिला, लहान वर्तुळ आतल्या बाजूस आले आहे ना ते स्वतः बोटाने चाचपून पाहिले, डावे पाऊल रुमालाच्या दिशेने टाकावयास सांगितले, आणि गोळा जमिनीवर टाकू नका, ठेवा, एवढेच म्हणाल्या. त्या गोळ्याने बाहेरची वाट धरली तेव्हा तो आता भलतीकडेच जाणार अशी साहेबांची खात्री झाली होती. तो वळून जॅकपासून हातभर अंतरावर थांबला, तेव्हा त्यांना आनंदापेक्षा आश्चर्यच अधिक झाले.

या तीन फसलेल्या प्रयत्नांत आणि चौथ्या साधलेल्या प्रयत्नात आमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे, असे मला वाटते. पहिली चूक कल नाहीच असे मानण्याची. दुसरी, तो आहे हे ठाऊक असून त्याला बळाने चिरडण्याची. तिसरी, त्याची दिशाच न ओळखण्याची. यांपैकी दुसरी धर्माच्या क्षेत्रात विशेष प्रतिष्ठा पावलेली असल्यामुळे तिच्याकडे थोडे निरखून पाहिले पाहिजे. वेगाने कल झाकता येतो, ही गोष्ट खोटी नाही. कठोर व्रते, अखंड जागरणे, देहदंड यांच्या आवेगात मनुष्याचा स्वभाव काही काळ दिसेनासा होतो, आणि पाहणाऱ्यांना तसेच त्यालाही वाटू लागते की तो जिंकला गेला. परंतु असा गोळा इच्छित स्थळी थांबू शकत नाही. तो एक तर लक्ष्याच्या पलीकडे चरात जातो, नाही तर वेग ओसरताच झाकलेला कल दुप्पट वेळ मिळाल्यासारखा उघडा पडतो. रामायणाच्या बालकांडातील विश्वामित्राची कथा या दृष्टीने पाहावी. मेनकेच्या प्रसंगातून सावध होऊन त्याने कामाला आवर घातला. रंभा आली तेव्हा तो काम जिंकल्याच्या तोऱ्यात होता, आणि तिला शाप देऊन बसला तो क्रोधाने. एवढ्या उग्र तपाने कामाचा वेग मोडला गेला, पण मूळचा राजस पिंड दुसऱ्या अंगाने प्रकट झाला. कथाकाराने त्याला ब्रह्मर्षिपद मिळवून दिले ते पुढे, क्रोधाचे हे अंगही त्याने ओळखल्यावर.

ॲरिस्टॉटलने निकोमाकसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आपल्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या खंडात या प्रश्नाचा एक व्यावहारिक तोडगा सांगितला आहे. आपण सहजगत्या कोणत्या बाजूला वाहवत जातो ते प्रत्येकाने पाहावे, कारण प्रत्येकाचा ओढा निराळा असतो; आणि मग वाकडी काठी सरळ करणारे लोक तिला जशी उलट बाजूस वाकवतात, तसे आपण स्वतःला विरुद्ध टोकाकडे ओढावे, म्हणजे मध्यावर येऊ, असा त्याचा अभिप्राय आहे. रुमालाकडे पाहून गोळा सोडण्याशी याचे साम्य उघड आहे. तथापि एक महत्त्वाचा भेद राहतो. काठी वाकवून वाकवून अखेर सरळ होते, आणि सरळ झाल्यावर तिला उलट वाकवण्याचे कारण उरत नाही. गोळा मात्र चाळीस वर्षे खेळलेल्या माणसाच्या हातातही पहिल्या दिवसाइतकाच कलता असतो. निष्णात खेळाडूने कलावर विजय मिळवलेला नसतो, त्याने कलाशी करार केलेला असतो. ॲरिस्टॉटलचा उपाय सवयीपुरता खरा आहे. पिंडाविषयी बोलावयाचे तर हिरवळीवरचा उपाय अधिक खरा.

येथे एक आक्षेप निश्चित घेतला जाईल, आणि तो घेतला जाणे योग्यही आहे. स्वभावाशी करार करणे म्हणजे पापाशी तडजोड करणे नव्हे काय? लोभी माणसाने, माझा कलच लोभाकडे आहे, असे म्हणून निवांत बसावे काय? या आक्षेपाचे उत्तर त्या चौथ्या गोळ्याकडे पाहिले म्हणजे मिळते. कल मान्य करणारा खेळाडू लक्ष्य बदलत नाही. जॅक जेथे आहे तेथेच आहे, आणि गोळा त्याच्याजवळच गेला पाहिजे. बदलते ती फक्त सोडण्याची दिशा. आपला राग अनावर आहे हे ज्याला कळले आहे, त्याने संतापाच्या भरात लिहिलेले पत्र त्याच दिवशी टपालात न टाकता रात्रभर टेबलाच्या खणात ठेवण्याचा नियम करावा. ज्याची मूठ सैल सुटत नाही, त्याने दानाची रक्कम महिन्याच्या पहिल्या तारखेसच, मोह होण्यापूर्वी, बाजूला काढून ठेवावी. यांत रागाला किंवा लोभाला मान्यता नाही, उलट त्यांच्याविषयी एक प्रकारचा कडक अविश्वास आहे. स्वभाव मान्य करणे आणि स्वभावाला शरण जाणे या दोन गोष्टी इतक्या भिन्न आहेत की, पहिली जो करीत नाही त्याच्यावरच दुसरीची पाळी येते.

परंतु खरा तात्त्विक प्रश्न यापुढे उभा राहतो. गोळा जड आहे. त्याचा कल ओळखणारा खेळाडू त्याच्याहून निराळा आहे. मनुष्याच्या बाबतीत मात्र कलणाराही तोच आणि सोडणाराही तोच. मग आपल्या स्वभावाकडे पाहून दिशा ठरवणारा हा जो कोणी आहे, तो त्या स्वभावाच्या बाहेर उभा कसा राहतो? ग्रीक स्टोइकांपैकी ख्रिसिप्पस हा इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात या प्रश्नाशी झगडला. त्याचे ग्रंथ नष्ट झाले, पण सिसेरोने दैवावरील आपल्या निबंधात त्याचा एक दृष्टांत जतन केला आहे. उतारावर दंडगोल ढकलला म्हणजे ढकलणाऱ्याने त्याला गतीचा आरंभ दिला, घरंगळण्याचा गुण दिला नाही; तो गुण त्याच्या आकाराचाच. त्याप्रमाणे बाह्य परिस्थिती मनुष्याला धक्का देते, पण तो कसा चालेल हे त्याच्या स्वतःच्या घडणीवर अवलंबून असते, आणि म्हणून त्याची जबाबदारी त्याच्याकडेच राहते. दृष्टांत मार्मिक आहे. मात्र तो जबाबदारी सिद्ध करतो, स्वातंत्र्य नाही. आपला आकार आपण निवडला नाही, हे दुःख ख्रिसिप्पसच्या दंडगोलाला विचारता आले असते तर त्याने बोलून दाखवले असते.

आपल्या परंपरेने येथे एक पाऊल पुढे टाकले आहे. सांख्यांनी प्रकृतीहून साक्षी पुरुष वेगळा मानला, परंतु त्याला अकर्ता ठरवून कर्तृत्वाचा प्रश्न अर्ध्यावर सोडला. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव, आणि असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही असा निर्णय दिला आहे. हिरवळीवर उभे राहून ही पाच कारणे मोजून पाहावीत. पायाखालची जागा, खेळाडू, गोळा, हाताची हालचाल, आणि पाचवे म्हणजे वारा, गवताचा पोत, मातीतला ओलावा, आदल्या खेळाडूंच्या पावलांनी दबलेली वाट. इंग्लंडमधील दाट व ओलसर हिरवळीवर गोळा मॅटपासून जॅकपर्यंत साधारणपणे दहा-बारा सेकंदांत पोचतो. न्यूझीलंडच्या कोरड्या, घट्ट हिरवळीवर तेवढ्याच अंतराला पंधरा सेकंदांहून अधिक लागतात, कारण तेथे गोळा अतिशय हलक्या हाताने सोडावा लागतो, आणि तो इतका वेळ मंद चालत राहिल्यामुळे त्याचा कलही अधिक रुंद वाट घेतो. हात तोच, गोळा तोच, आणि तरी मार्ग निराळा. या पाचांपैकी खेळाडूच्या ताब्यात फार तर दीड-दोन गोष्टी आहेत. पण गीतेचे वैशिष्ट्य असे की, कर्त्याचा वाटा लहान करून दाखवताना तिने तो शून्य केला नाही. पाचांत एक म्हणून का होईना, कर्ता यादीत आहे.

तो लहान वाटा नेमका कोठे आहे, हे शिकवणाऱ्या बाईंच्या पद्धतीवरून कळते. गोळा हातातून सुटण्यापूर्वी सर्व काही सांगता येते. सुटल्यावर काहीही नाही. वेदान्तग्रंथांत प्रारब्ध कर्मासाठी सुटलेल्या बाणाचा दृष्टांत येतो, तो याच आशयाचा. परंतु बाण आणि गोळा यांत फरक असा की, गोळ्याची चाल पाहण्यास पुरेसा वेळ मिळतो, आणि एकेरी सामन्यात प्रत्येक खेपेस खेळाडूजवळ चार गोळे असतात. पहिला चुकला तर तो परत येत नाही हे खरे. पण तो कोणत्या वाटेने चुकला हे पाहणाऱ्याला दुसरा गोळा सोडताना त्याचा उपयोग होतो. निव्वळ नियतीने बांधलेल्या वस्तूला आपल्या मागील गतीचे ज्ञान पुढील गतीत वापरता येत नाही. मनुष्याला येते, आणि मला वाटते, स्वातंत्र्य या शब्दाने आपण जे काही प्रामाणिकपणे म्हणू शकतो ते एवढेच आहे. ते स्वभावाच्या बाहेर कोठे तरी उंचावर बसलेले नसून, एका कर्मातून मिळालेले ज्ञान दुसऱ्या कर्माच्या आरंभी लावण्याच्या त्या अल्प अवकाशात वसते.

फळाविषयीही हा खेळ तितकाच निःसंदिग्ध आहे. जॅक हे लक्ष्य स्थिर नाही. कोणाच्याही गोळ्याचा धक्का लागून ते सरकू शकते, आणि ते सरकले म्हणजे उत्तम सोडलेला गोळा निरुपयोगी ठरतो व फसलेला म्हणून सोडून दिलेला गोळा अचानक सर्वांत जवळचा होऊन बसतो. याच्या जोडीला एक चमत्कारिक नियम आहे. जो गोळा आपल्या मूळ गतीत जॅकला स्पर्श करतो, त्याच्यावर खडूची खूण करतात, आणि असा गोळा पुढे चरात जाऊन पडला तरी तो बाद होत नाही. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा ज्याला ठाऊक आहे, त्याला या नियमाचे नवल वाटणार नाही. मरणसमयी पुत्राला हाक मारताना का होईना, नारायणाचे नाव त्याच्या ओठांवर आले आणि यमदूतांना रिकाम्या हाताने परतावे लागले. प्रयत्नवादी मनाला ही कथा खटकते. परंतु ज्या जगात फळ कर्त्याच्या एकट्याच्या हातात नाही, त्या जगात अनुग्रहाला जागा ठेवणारा कायदाच अधिक न्याय्य असतो.

शेवटच्या टप्प्यात कल अधिक दिसू लागतो, या गोष्टीचाही धर्मदृष्ट्या विचार व्हावा. धावपळीच्या वयात आपण सर्वच बऱ्यापैकी सरळ चालतो, कारण नोकरी, संसार आणि लौकिक यांचा वेग आपल्याला सरळ ठेवतो. तो वेग ओसरल्यावर, निवृत्तीच्या रिकाम्या दुपारी, माणूस खरोखर कोणीकडे झुकलेला होता ते कळू लागते. कोणी कुरकुरे होतात, कोणी उदार, कोणी जुन्या तक्रारींचे दफ्तर उघडून बसतात. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या भावनेला जे महत्त्व दिले आहे ते शेवटच्या क्षणाच्या चमत्कारासाठी नाही. म्हणूनच तिथे लगेच पुढे सर्वकाळ स्मरण ठेवण्यास सांगितले आहे. अखेरचे वळण अखेरीस घेता येत नाही. मॅटवर गोळा कोणत्या अंगाने धरला होता, त्याचाच तो निकाल असतो.

आता गुरूच्या अधिकाराचा प्रश्न उरतो. चौघांच्या संघात जो नायक असतो, त्याला स्किप म्हणतात. इतर खेळाडू गोळे सोडतात तेव्हा तो पलीकडच्या टोकाला, जॅकजवळ उभा असतो, आणि मॅटवरून जे दिसू शकत नाही ते पाहून हाताने खूण करतो. बर्मिंगहॅमला सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात ही जागा रूपा राणी तिर्की यांची होती. लव्हली चौबे, पिंकी सिंग आणि नयनमोनी सैकिया या त्यांच्या सहकारी. यांपैकी सैकिया पूर्वी वजन उचलण्याच्या खेळात होत्या आणि दुखापतीमुळे तो सोडून इकडे आल्या. बळ लावणे हेच ज्यांचे कसब, त्यांना बळ आवरण्याचे कसब नव्याने शिकावे लागले, आणि त्यासाठी आपला पूर्वस्वभाव टाकून द्यावा लागला नाही; तो कोठे आणि किती वापरावा एवढेच ठरवावे लागले. उत्तम शिक्षणाची व्याख्या याहून निराळी करता येईल असे मला वाटत नाही. शिक्षकाला शिष्याचा गोळा घासून सरळ करण्याचा अधिकार नाही, कारण तसे केले तर तो खेळाला अपात्र ठरतो. आणि शिष्याच्या हातून गोळा स्वतः सोडण्याचाही अधिकार नाही, कारण मग शिकला कोण? लहान वर्तुळ कोणत्या अंगाला आहे ते दाखवावे, बाहेरचा बिंदू डोळ्यांसमोर ठेवावा, आणि बाजूला व्हावे, एवढेच त्याचे क्षेत्र आहे.

अठराव्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुनाला प्रथम असे सांगितले आहे की, अहंकाराने तू युद्ध नाकारलेस तरी तुझी प्रकृतीच तुला ते करावयास लावील. आणि त्यानंतर अवघ्या काही श्लोकांनी, या सर्वाचा पूर्ण विचार करून तुला वाटेल तसे कर, अशी मोकळीक दिली आहे. पंडितांना यांत विरोध दिसतो. ज्याने एखाद्या नवशिक्याला कलता गोळा हाती देऊन शिकवले आहे, त्याला दिसणार नाही. कारण तो रोज हीच दोन वाक्ये याच क्रमाने बोलतो. गोळा वळणारच, हे पहिले. आणि आता सोड, हे दुसरे. आपले बहुतेक धर्मोपदेशक यांपैकी एकच वाक्य बोलतात. काहीजण कल हेच पाप ठरवून शिष्याला आयुष्यभर स्वतःचीच लाज वाटावयास लावतात, आणि काहीजण सर्व काही प्रकृतीच्या माथी मारून त्याला मॅटवर पाऊलच ठेवू देत नाहीत. पहिल्या प्रकारच्या उपदेशातून दांभिक निपजतात, दुसऱ्या प्रकारच्या उपदेशातून आळशी. दोन्ही वाक्ये एका दमात बोलण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, आणि दुसरे वाक्य बोलून झाल्यावर गप्प राहण्याचा संयमही ज्याच्यापाशी आहे, त्याच्याकडेच आपले मूल शिकावयास पाठवावे.